वाचकांचे प्रश्न : लेबर रूममधला सराव आणि संशोधनातली भागीदारी

प्रश्न : जिल्ह्याला दोन दिवसांचं पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचं, प्रशिक्षण झालं. तीन महिन्यांत निम्मं विसरलं. ड्यूटी सांभाळून सराव कसा ठेवायचा?
– स्टाफ नर्स, ग्रामीण रुग्णालय, परभणी जिल्हा

उत्तर : सिस्टर, जे कौशल्य क्वचित लागतं ते हातातून जातंच, त्यात तुमचा दोष नाही. आठवड्याला पंधरा मिनिटं काढा, पण तुमच्याच लेबर रूममध्ये आणि तुमच्याच कपाटासमोर. ड्यूटी बदलायची वेळ धरली तर दोन्ही पाळ्यांची माणसं सापडतात.

एकीने टेबलावर पेशंट म्हणून झोपायचं. खाली प्लास्टिक अंथरा आणि त्यावर लाल रंगाचं पाणी सोडा, आधी ३०० मिली, मग ५०० मिली. प्रत्येकीने अंदाज सांगायचा, मग मोजायचं. नुसत्या नजरेला रक्त जवळजवळ नेहमीच कमी दिसतं, हे इथे स्वतःच्या डोळ्यांनी पटतं. कपड्यात भिजलेलं रक्त वजनावर काढा : ओल्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की एक ग्रॅमला साधारण एक मिली. ५०० मिलीला उपचार सुरू झालेच पाहिजेत. ३०० मिलीलाच नाडी, बीपी बिघडलं किंवा धार थांबत नसेल तर ५०० ची वाट बघायची नाही.

मोबाईलवर तीनच वेळा टिपा : रक्तस्राव ओळखला कधी, मदतीला हाक मारली कधी, औषध शरीरात गेलं कधी. बहुतेक ठिकाणी वेळ खातं ते कपाट. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि त्या सुट्टीवर! म्हणून पीपीएचचा डबा वेगळा आणि कुलपाविना ठेवा. १६ नंबरचा कॅन्युला, सलाईनचा सेट, रिंगर लॅक्टेट, फोलीज कॅथेटर (लघवीची नळी), रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, गर्भाशय आकुंचित करणारं मिसोप्रोस्टॉल त्यात असू द्या, आणि दर पाळीला डबा तपासल्याची सही घ्या. ट्रॅनेक्सॅमिकच्या बाबतीत एक चूक फार होते. डोस १ ग्रॅमचा आहे आणि आपल्याकडचा ॲम्प्यूल बहुधा ५०० मिलिग्रॅमचा येतो. घाईत एकच फोडला जातो. दोन ॲम्प्यूल रबर बँडने बांधूनच ठेवा. शिरेतून दहा मिनिटांत, सावकाश, आणि बाळंतपणापासून तीन तासांच्या आत.

ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचित करणारं इंजेक्शन, डब्यात ठेवू नका. ते २ ते ८ अंशांतच टिकतं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात वीज जाते. टेबलावर राहिलेला ॲम्प्यूल दिसायला तसाच असतो, पण त्याचा जोर कमी झालेला असू शकतो. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको. तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा. सरावासाठी ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांवर लाल पट्टी लावा आणि सराव संपताच त्या मोजून खोलीबाहेर काढा.

दुसरी अडचण हाकेची. ‘कुणीतरी इंजेक्शन आणा’ म्हटलं की एक तर तिघी धावतात, नाही तर कुणीच हलत नाही. नाव घेऊन सांगायचं, आणि ऐकणारीने तेच परत म्हणायचं. रात्रपाळीला दोघीच असाल तर सरावही दोघींनीच करा. दिवसाच्या सहा जणींचा सराव रात्री उपयोगाला येत नाही. शेवटची पाच मिनिटं बोलायची : काय आडवं आलं? कोण चुकलं हे नाही. डॉक्टरांनी सगळ्यांत शेवटी बोलावं, नाही तर मावशी तोंडच उघडत नाहीत, आणि किल्ली कुठे होती हे नेमकं त्यांनाच माहीत असतं.

या कामाला संशोधनाचा भक्कम आधार आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठ, जागतिक आरोग्य संघटना आणि केनिया, नायजेरिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका इथली ८० रुग्णालयं यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मापाच्या खुणा असलेली चादर वापरून रक्त मोजलं आणि उपचार एकामागून एक न देता एकदमच सुरू केले, तेव्हा अतितीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागलेली पोटाची शस्त्रक्रिया आणि मृत्यू यांचं मिळून प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं.

प्रश्न : मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाला आमच्या बाळंतपणांच्या नोंदी अभ्यासाला हव्या आहेत. होकार देण्याआधी काय पाहावं?
– वैद्यकीय अधिकारी, बीड जिल्हा

उत्तर : आधी नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी मागा. उपचाराची चाचणी असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी तिची नोंद सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, झालेली हवी. संमतीपत्र मराठीत, आणि बाईला वाचून दाखवता येईल असं. नोंदींतून नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नका. दोनशे उंबऱ्यांच्या गावात वय, गाव आणि बाळंतपणाची तारीख एवढ्यावर बाई ओळखू येते. गावाऐवजी तालुका द्या, तारखेऐवजी महिना.

लेखकांत नाव हवं असेल तर सुरुवातीपासून सामील व्हा. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार नुसती माहिती पुरवणारा लेखक ठरत नाही. आखणीत किंवा विश्लेषणात वाटा, मसुद्यावर काम, अंतिम मंजुरी आणि जबाबदारी, हे चारही लागतं. तुमच्या सिस्टरांपैकी कुणी हे करत असेल तर तिचंही नाव आत्ताच लिहून घ्या.

आणि ऊसतोडीचा हंगाम त्यांना पहिल्याच बैठकीत सांगा. दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. त्या काळात बाळंतपणानंतरच्या ४२ व्या दिवसाची भेट ठेवली तर निम्म्या बायका ‘सापडल्या नाहीत’ म्हणून लिहिल्या जातील. जूनच्या आकड्यांची जानेवारीशी तुलनाही फसवी ठरेल. टक्केवारी घ्या आणि मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. दर महिन्याचा आकडा आलेखावर मांडा आणि मध्यक रेषा काढा, म्हणजे निम्मे बिंदू तिच्या वर आणि निम्मे खाली येतील. सलग सहा बिंदू एकाच बाजूला आले तरच बदल खरा धरा.

निकाल तुमच्या कर्मचाऱ्यांना मराठीत कधी मिळणार, हे करारात असावं. नसेल तर सही करू नका.

प्रश्न : ओटीतली चेकलिस्ट ऑपरेशन संपल्यावर एकदम भरली जाते. मग उपयोग काय?
– ओटी सिस्टर, लातूर

उत्तर : काहीच नाही. २००९ च्या आठ शहरांतल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीही होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या १९ मुद्द्यांच्या या यादीनंतर मृत्यू १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोत १०१ रुग्णालयांत ती लागू झाली, तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. आमच्या मते असा फरक पडतो तो यादी कशी वापरली जाते यावर. कागद बाजूला ठेवा आणि यादी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी एकीने मोठ्याने वाचायचं, संबंधिताने तोंडी उत्तर द्यायचं. मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, दोघींनी मिळून मोजायचे. मोजणी जुळल्याशिवाय टाके पूर्ण होत नाहीत, हे सर्जनकडून आधीच वदवून घ्या.

प्रश्न : श्वास न घेणाऱ्या नवजात बाळाला बॅग-मास्कने (तोंडावर मास्क बसवून पिशवी दाबत) श्वास देण्याचा सराव कापडी बाहुलीवर चालेल का?
– नर्सिंग शिक्षिका, नांदेड

उत्तर : चालणार नाही. छाती वर येते की नाही, हेच तर शिकायचं असतं, आणि कापडी बाहुलीची छाती हलत नाही. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या स्किल लॅबमधून मॅनिकिन, म्हणजे छाती हलणारा सरावाचा पुतळा, आठवड्यासाठी मागून घ्या. मिनिटाला ४० ते ६० श्वास, आणि गरज असेल तर जन्मानंतर पहिल्या मिनिटातच सुरुवात. छाती हलली नाही की मुली बॅग जोरात दाबतात, ते थांबवा. मास्क नीट बसवा, मान फार मागे गेली असेल तर सरळ करा, तोंडातला स्राव काढा, मगच दाब वाढवा.