मेजर कुठलं घेऊ, की पुढे नोकरी लागेल?

मे महिना लागला की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या करिअर समुपदेशनाच्या खोलीत एकच प्रश्न रोज नव्या तोंडून येतो. मराठी आईबाबा विचारतात, "बी.एस्सी. करून पुढे काय?" त्यांचीच मुलं मित्रांशी बोलताना तो "पण आगळ शुं?" असा विचारतात. २०२३ पासून गुजरातच्या विद्यापीठांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, तेव्हापासून सगळी काळजी 'मेजर', म्हणजे पदवीचा मुख्य विषय, या एका शब्दात येऊन बसली आहे. मेजर चुकलं तर आयुष्य चुकलं, असं सतरा वर्षांचं पोर मला सांगतं, आणि शेजारी बसलेले वडील मान हलवतात.

गेल्या काही वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं की एका मुलीची गोष्ट लिहून काढावीशी वाटली. तिला इथे मुक्ता म्हणते. नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.

बारावी सायन्स, ए ग्रुप (म्हणजे गणिताचा), ७१ टक्के. इंजिनीअरिंगला हवी ती शाखा मिळणार नव्हती. वडिलांचं सयाजीगंजात झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. त्याआधी ते बावीस वर्षं एका मोठ्या रासायनिक कारखान्यात होते आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घ्यावी लागली. खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर घेऊ दे हिला. आमच्या वेळी केमिस्ट्री होती, आता कॉम्प्युटर."

त्या वाक्यात अख्खं बडोदं होतं. या गावात विषय म्हणजे खरोखरच नोकरीचं दार होतं. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन उघडलं ते रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकून माणूस धंद्याला लागावा म्हणून. १९०७ मध्ये अलेंबिक उभी राहिली, तिच्या संस्थापकांत बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले गज्जर होते. १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी सुरू झाली, मागोमाग खतं आणि पेट्रोकेमिकल्स आली. केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेला मुलगा शिफ्टच्या बसमध्ये चढला की घर निश्चिंत, असं दोन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे वडिलांची काळजी मला कधीच बाळबोध वाटली नाही. काळ मात्र बदलला आहे, आणि ते कारखान्यातून बाहेर पडलेल्या या माणसाइतकं कुणाला कळणार? तरीही सल्ला जुन्याच साच्यातला होता, फक्त विषयाचं नाव नवं.

मुक्ता गप्प. वडील फोन घ्यायला बाहेर गेले तेव्हा म्हणाली, "मला कशातच इंटरेस्ट नाहीये मॅडम. कल चाचणी पण केली. सगळंच मध्यम आलं."

सुरुवातीच्या काळात मीही कल चाचण्यांचे रंगीत अहवाल हातात ठेवून मुलांना घरी पाठवत असे. ते अहवाल घरोघरी कपाटात गेले. माणूस स्वतःबद्दल काय सांगतो यापेक्षा त्याने कुणी न सांगता काय करून ठेवलंय, तिकडे पाहावं, हे मला हळूहळू उमगलं. एकोणीस वर्षांत या वाटेने मला क्वचितच दगा दिला आहे.

मी तिला एक काम दिलं. तीन नोकरदार माणसांना भेटायचं. पगार विचारायचा नाही, स्कोप विचारायचा नाही. एवढंच म्हणायचं, "तुमचा कालचा दिवस सकाळपासून सांगा." आणि लिहून आणायचं. एखाद्या क्षेत्राचं नाव आणि त्यातला मंगळवार यांत फार अंतर असतं. मुलं नाव निवडतात आणि मग चाळीस वर्षं मंगळवार जगतात.

दहा दिवसांनी ती वही घेऊन आली. आयटीतल्या आतेभावाचं एक पान, बँकेतल्या काकूंचं अर्धं. तिसरे शेजारचे एक आजोबा. ते बोअरवेलसाठी भूजल शोधण्याचं काम करायचे. जमिनीत चार सळया ठोकून वीज सोडायची, खालच्या थरांचा विरोध मोजायचा आणि पाणी कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. त्यांची साडेपाच पानं होती, आकृत्यांसकट.

"यांचं एवढं कसं लिहिलंस?"

"ते सांगतच होते ना."

"काकूपण सांगत असतील."

ती हसली. मी पुढची पानं पाहावीत म्हणून वही चाळली तर ती उलटीकडून उघडली गेली. मागच्या बाजूला पेन्सिलने काढलेले रकाने होते. घर नंबर, फाटक, पायरी, इंच.

"हे काय आहे?"

"ते काही नाही. पुराचं आहे."

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कारेलीबागेत यांच्या गल्लीत पाणी साचून राहिलं होतं. ओसरल्यावर भिंतींवर चिखलाची रेघ उरली. सगळे घर धुवायला लागलेले असताना ही मुलगी आईची शिवणाची टेप घेऊन सव्वीस घरांच्या फाटकांवरची रेघ मोजत फिरली होती.

"का गं मोजलीस?"

"आमच्या दारात सेहेचाळीस इंच होतं आणि समोर एकोणतीस. असं कसं? साचलेलं पाणी तर सपाट असतं ना." आता ती पुढे सरकून बसली होती. "मग लक्षात आलं, पाणी सपाटच आहे, जमीन खालीवर आहे. म्हणजे पाणीच लेव्हलचं काम करतंय. जिथे इंच जास्त, तिथे जमीन खोल. मी सगळे खोल आकडे जोडले, तर ती रेघ वाकडी जात कांसकडे जाते."

कांस म्हणजे आमच्याकडचा पावसाळी नाला. तिच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं की त्याचा एक फाटा पूर्वी तिथूनच जायचा, नंतर बुजवला. तिने तो टेपने शोधून काढला होता. शाळेत कुणाला दाखवला नव्हता, कारण त्याला मार्क नव्हते.

मी काही क्षण बोलले नाही. ज्या मुलीला कशातच रस नाही असं चाचणीने सांगितलं होतं, तिने उन्हात उभं राहून जमिनीचा उतार मोजला होता. असे क्षण आले की या व्यवसायाबद्दल मनात कृतज्ञता दाटून येते.

"मुक्ता, हे जे केलंस त्याचा विषय असतो. त्याला भूविज्ञान म्हणतात. आपल्याच विद्यापीठाच्या सायन्स फॅकल्टीत त्याचा विभाग आहे."

पुढची बैठक वडिलांसोबत झाली. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "तीन वर्षांनी हातात काय?" मी खोटा धीर दिला नाही. नुसत्या बी.एस्सी.वर या विषयात चांगली दारं कमी उघडतात. केंद्राच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची वेगळी भू-वैज्ञानिक परीक्षा असते, आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. म्हणजे हा पाचएक वर्षांचा रस्ता आहे, आणि तो घराने आधीच मनाशी धरायला हवा.

हेच मी प्रत्येक घराला सांगते. फार्मसी, नर्सिंग, आर्किटेक्चर यांत पदवी म्हणजे परवाना. तिथे विषयाला पर्याय नाही, बारावीलाच ठरवावं लागतं. भूविज्ञान, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र यांत पहिली पदवी ही अर्धी वाट असते. उरलेल्या पुष्कळ ठिकाणी आपण घाबरतो तितकं मेजर अडवत नाही. बँकेची पीओ (अधिकारीपदाची) परीक्षा किंवा यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा कुठल्याही शाखेचा पदवीधर देतो. सीएसाठीसुद्धा कॉमर्सची सक्ती नाही. अशा वेळी मेजरसोबत हातात कुठलं अवजार आहे हे जास्त मोलाचं ठरतं: आकडेवारी, प्रोग्रॅमिंग, नकाशाचं सॉफ्टवेअर, नीट लिहिता येणं. मायनरची, म्हणजे जोडविषयाची, जागा त्यासाठी वापरावी, मैत्रीण घेते म्हणून भरू नये. कुठल्या जोड्या मिळतात ते फॉर्म भरण्याआधी विद्यापीठात जाऊन विचारावं.

वडील ऐकत होते, पण कपाळावरची आठी तशीच. मग त्यांनाही तेच विचारलं. "कारखान्यातला एक दिवस सकाळपासून सांगा."

ते वीस मिनिटं बोलले. रात्रपाळी, पंपाच्या आवाजातला बारीकसा फरक, दर तासाला लॉगबुकात भरायचे आकडे, एकदा दाब चढायच्या आधीच त्यांनी ओळखलेली गळती. मुक्ता तोंड उघडं ठेवून ऐकत होती. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं.

"यात केमिस्ट्री किती होती?" मी विचारलं.

ते थांबले. "खरं सांगू? गेटच्या आत यायला होती. नंतर... लक्ष ठेवणं होतं." आणि जरा वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "झेरॉक्स मशीनपण मी आवाजावरूनच दुरुस्त करतो."

मला यापुढे काही समजावावं लागलं नाही. स्टॅनफर्डचे क्रुम्बोल्ट्झ हे समुपदेशनातले जाणते अभ्यासक करिअरमध्ये योगायोगाचा वाटा मोठा मानत, आणि तो ओळखून वापरता येण्याची तयारी मुलांत घडवावी म्हणत. मला ते बडोद्यात रोज दिसतं. याच कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके गोध्र्याला छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, छपाईत शिरले आणि १९१३ साली त्यांनी देशातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट दाखवला. सिनेमाचं मेजर तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. हाताला आलेलं प्रत्येक कसब मात्र कामी आलं.

मुक्ताने भूविज्ञान घेतलं. सुट्टीत ती क्यूजीआयएस हे फुकट मिळणारं नकाशाचं सॉफ्टवेअर शिकते आहे. आतेभाव शिकवतो, त्यामुळे कॉम्प्युटरही घरात आलाच. वर्षभरात तिला विषय रटाळ वाटला तर काय, हेही आम्ही बोलून ठेवलं आहे. वर्ष आणि त्यानंतरच्या सुट्टीतला ठरावीक व्यावसायिक कोर्स पूर्ण करून बाहेर पडलं तर नव्या धोरणात सर्टिफिकेट मिळतं, क्रेडिट जमा राहतात आणि पुन्हा वळता येतं.

प्रवेश झाल्यावर वडील एकटेच आले. त्यांनी ती पुराची वही झेरॉक्स करून, स्पायरल बाइंडिंग घालून आणली होती, एक प्रत माझ्यासाठी. मी चाळत गेले. शेवटच्या पानावर अक्षर बदललं होतं, लॉगबुकासारखं ठाशीव. सव्वीस घरांच्या खाली त्यांनी सत्ताविसावी ओळ भरली होती: दुकान, सयाजीगंज, शटरवरची रेघ, एकतीस इंच.