छोट्या ट्रॅक्टरला किती इंची चिपर झेपतो?

प्रश्न : बागेच्या छाटणीतून निघणाऱ्या फांद्या बारीक करण्यासाठी चिपर घ्यायचा आहे. ट्रॅक्टर २२ एचपीचा आहे. विक्रेता सहा इंची यंत्र घ्यायला सांगतो आणि जाड फांदी हळूहळू टाकली की चालते, असे म्हणतो. काय करावे?

उत्तर : सहा इंची यंत्र घेऊ नये. तो आकडा बहुधा फांदी आत घालण्याच्या तोंडाचा असतो. तेवढे जाड लाकूड आपला ट्रॅक्टर कापू शकेल, असा त्याचा अर्थ होत नाही. २२ एचपीच्या इंजिनातून पीटीओला (यंत्र फिरवणाऱ्या, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला) साधारण १८ ते १९ एचपी मिळते. फांदीच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला किमान ५ एचपी धरली, तरी साडेतीन इंचांच्या पुढे या ट्रॅक्टरची ओढ संपते, आणि वाळलेले कठीण लाकूड असेल तर त्याही आधी. ‘हळूहळू टाकण्या’चे म्हणाल, तर साध्या चिपरमध्ये पाते एकदा लाकडात रुतले की ते फांदी स्वतःच आत ओढते, वेग आपल्या हातात राहत नाही आणि इंजिन दबून बंद पडते. रोलरने फांदी ओढणाऱ्या यंत्रात वेग ठरवता येतो, पण ते वजनदार असते, म्हणून ट्रॅक्टरची उचलक्षमता आधी पाहावी. तीन ते चार इंची यंत्र आपल्याला पुरेसे आहे.

दुसरा घातक सल्ला वेगाचा. काम लवकर उरकते म्हणून ५४० आरपीएमचे (मिनिटाला ५४० फेऱ्यांचे) यंत्र १००० च्या पीटीओवर चालवण्यास सांगणारे विक्रेते आहेत. असे कदापि करू नये. पाती बसवलेली जड चकती त्या वेगासाठी बनवलेली नसते आणि ती फुटली तर माणूस जातो. डिझेल वाचवणारा ५४०ई हा पर्यायही येथे वापरू नये, कारण त्यात इंजिन मंद फिरते आणि चिपरला लागणारी ताकद मिळत नाही.

पीटीओ शाफ्टची लांबी यंत्र वर उचलून आणि खाली टेकवून, दोन्ही स्थितींत स्वतः मोजावी. ‘कंपनीने मोजूनच दिला आहे’ यावर विसंबू नये. लांब शाफ्ट दांड्यात दांडा टेकून पीटीओचे बेअरिंग फोडतो. क्लच दाबल्यावर पीटीओही थांबणारा जुना ट्रॅक्टर असेल, तर ओव्हररनिंग क्लच (यंत्राची फिरकी उलट ट्रॅक्टरकडे येऊ न देणारा जोड) बसवलाच पाहिजे, अन्यथा फिरती चकती ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते. अडकलेली फांदी काढताना किल्ली काढून चकती पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालू नये.

फांद्या छाटणीनंतर काही दिवसांतच, ओल्या असताना बारीक कराव्यात. महिनाभर बांधावर वाळवून मग यंत्र ‘ओढत नाही’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. पात्याची धार तुकड्यांवरून कळते : कडा स्वच्छ कापलेली चपटी ढलपी पडत असेल तर धार ठीक, दोरे आणि भुगा पडू लागला तर पाती उतरवावीत. मुळांना चिकटलेली माती व खडे धार सर्वांत लवकर घालवतात.

या ढलप्या जाळू नयेत. झाडाखाली दोन ते तीन इंच आच्छादन करावे, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. मातीत मात्र मिसळू नयेत, कारण कुजताना त्या जमिनीतील नत्र ओढून घेतात. रोगट फांद्या यातून वगळाव्यात.

अनुदान घ्यायचे असल्यास पूर्वसंमतीआधी खरेदी करू नये. खरेदीपूर्वी प्रात्यक्षिक स्वतःच्या ट्रॅक्टरवर आणि स्वतःच्या बागेतील सर्वांत जाड फांद्यांवर मागावे. विक्रेत्याने आणलेल्या ५० एचपीच्या ट्रॅक्टरवरचे प्रात्यक्षिक पाहून पैसे देऊ नयेत.