भारुडातल्या विनोदावर पीएचडी करावी का?

मराठीत एमए झालंय, भारुडातल्या विनोदावर पीएचडी करायची आहे. पण घरचे म्हणतात, देवाधर्मात कसला विनोद, आणि त्यावर नोकरी कोण देणार? असा तुमचा प्रश्न.

नोकरीचं आधी सांगतो. ती विषय बघून मिळत नाही, मराठीची जागा निघाली तर मिळते. तेव्हा आधी नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढा. मी नऊ वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर काढली. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. घरच्यांची काळजी तेवढी खरी आहे.

देवाधर्माचं म्हणाल, तर त्यांना नाथषष्ठीला पैठणला घेऊन जा. एकनाथांनी १५९९ मध्ये गोदावरीत समाधी घेतली, त्या तिथीची ही यात्रा. मी वही घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा लुगडं नेसलेला एक मिशीवाला सोंगाडी एकनाथांच्याच भारुडातल्या सुनेच्या तोंडून भवानीला रोडग्याचा नवस बोलत होता. सासूला उचल, सासरा गावाला गेलाय तर तिकडंच खपव! बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होती माझ्या शेजारची म्हातारी. चार सुनांची सासू, तिनंच सांगितलं. शेवटी ‘एकटीच राहू दे मला’ आलं आणि तिनं हात जोडले. तोंडावरचं हसू अजून तसंच होतं. सासू-सासरे, नणंद गेले म्हणजे प्रपंचाचा गोतावळा सुटला, मागं उरला एकटा जीव. हे तिला कुणी फोड करून सांगितलं नव्हतं.

मी मात्र प्रबंधाचं पहिलं प्रकरण माणूस का हसतो याचे सिद्धांत मांडणाऱ्या फ्रॉइड आणि बर्गसाँवर ऐंशी पानं लिहिलं होतं. गाईडनी वाचून एवढंच विचारलं, “यात ती म्हातारी कुठंय?” प्रकरण बारा पानांवर आलं.

म्हणून छापील गाथेवर भागवू नका. सोंगाडी मधेच सरपंचाला ओढतो, पीकविम्याला ओढतो, ते पुस्तकात कुठून सापडणार? विचारून रेकॉर्डिंग करा, तारीख-गाव लिहून ठेवा. ‘भावना दुखावतील’ असं कुणी म्हणालंच, तर नाथांचा हिंदू-तुर्क संवाद पुढं करा. दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टर उडवतात आणि शेवटी गळाभेट घेतात.

विद्यापीठात विषय मांडताना शीर्षकात ‘विनोद’ शब्द राहू द्या. माझ्या वेळी समितीनं तो काढून ‘प्रबोधन’ घालायला लावला. ते अजून सलतं.