आधी पत्रा वाजवून बघ

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्या जुन्या टगचे, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या बोटीचे, फोटो मिळाले. चिमणीचा रंग पार उडालाय, पण बोट अजून ऐटीत बसलीय. भंगारात काढण्याआधी मालकाने तीन महिन्यांची मुदत दिली म्हणतेस, आणि तू लगेच ‘बोट विकत घ्यायला मदत करा’ म्हणत झोळी घेऊन निघालीस. जरा थांब. या सगळ्या खटाटोपात खरेदी हाच सर्वांत स्वस्त भाग असतो.

इंग्लंडात मर्सी नदीवर ‘डॅनियल ॲडमसन’ ही वाफेवरची टग आहे, १९०३ ची. नुसती ओढकाम करणारी नव्हे. १९३६ मध्ये तिच्यात त्या काळच्या फॅशनची, आर्ट डेको थाटाची दालनं केली आणि कालवा कंपनीचे साहेब पाहुण्यांना घेऊन मँचेस्टरच्या कालव्यावरून फिरायचे. २००४ साली ती भंगारात निघाली, तेव्हा काही हौशी मंडळींनी ती एका पौंडाला घेतली. एका! पण ती पुन्हा चालू लागायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात स्वयंसेवक गंज खरवडत राहिले आणि २०१५ मध्ये लॉटरीच्या पैशातून वारसा जपणाऱ्या तिथल्या हेरिटेज लॉटरी फंडाने ३८ लाख पौंड मंजूर केले. अकरा वर्षांचं काम समोर दिसत होतं, म्हणून इतका पैसा आला.

आपल्याकडचं तुला ठाऊकच आहे. नौदलाची जुनी विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये धोकादायक ठरून बंद झाली. २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात गेली आणि मुंबईतल्या दारूखाना नावाच्या जहाजतोडणीच्या भागात तुटली. तिला वाचवायला उच्च न्यायालय झालं, सर्वोच्च न्यायालय झालं. पुढे तिच्या लोखंडाची मोटरसायकल निघाली, तीही लोकांनी हौसेने घेतली! दुसरी विमानवाहू ‘विराट’, तिचं प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तोवर ती ४० टक्क्यांच्या आसपास तुटलेली होती. भंगारवाला वजनावर भाव लावतो आणि पैसे रोख मोजतो. आपण अर्ज लिहीत बसतो.

माझं स्वतःचं सांगतो, हसू नकोस. नोकरीत असताना आम्ही आठ-दहा जणांनी वर्गणी काढून एक जुनी लाकडी लाँच घेतली होती. हार घातला, पेढे वाटले. उभी कुठे करायची हे कुणी विचारलंच नव्हतं. जागेचं भाडं, रात्रीचा वॉचमन, आत झिरपणारं पाणी उपसायच्या पंपाचं डिझेल यांत उरलेसुरले पैसे सहा महिन्यांत संपले. श्रावणातल्या एका रात्री पंप बंद पडला आणि सकाळी पाण्यावर फक्त डोलकाठी दिसत होती. ती वर काढायला खरेदीपेक्षा जास्त खर्च आला, आणि शेवटी ज्याच्यापासून वाचवली त्याच भंगारवाल्याला विकली.

म्हणून पहिला गोळा होणारा पैसा बोट तपासणाऱ्या सर्व्हेयरला दे. अल्ट्रासोनिक मशीनने बाहेरच्या पत्र्याची जाडी मोजून घे, विशेषतः पाणरेषेच्या पट्ट्यात, तिथे गंज सगळ्यात जोरात खातो. जिथे डब्लर मारलेत, म्हणजे जुन्या पत्र्यावर नवा ठिगळासारखा जोडलाय, तिथला आकडा बघून खूश होऊ नकोस. आतला पत्रा पापडासारखा झालेला असू शकतो. नंतर जागा. पाच वर्षं उभी करू देतो असं कुणीतरी कागदावर लिहून देईपर्यंत मालकाला एक रुपया देऊ नकोस. तोंडी ‘बघू’ म्हणणारे धक्क्यावर ढिगाने भेटतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: ट्रस्ट नोंदवायला वेळ लागेल, तोवर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, ४१ क ची परवानगी घे. पुढे आयकर खात्याची मान्यता मिळाली की देणगीदारांना करसवलत सांगता येते. कंपन्यांच्या सीएसआरच्या, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या पैशाच्या मागे आत्ताच धावू नकोस. ते तीन वर्षांचे ताळेबंद मागतील आणि तुझ्याकडे तीन आठवड्यांचाही नाही.

मागताना बोट मागू नकोस. एक पत्रा माग, एक खिडकी माग, सुकाणूच्या चाकाच्या मुठीचं पितळ माग. ‘इतिहास वाचवा’ म्हटलं की लोक मान डोलावतात. ‘ह्या खिडकीला इतके लागतात’ म्हटलं की खिशात हात घालतात. आणि आधी त्या टगवरचे जुने सारंग (बोट हाकणारे), इंजिन ड्रायव्हर, खलाशी शोध. पैसे फार देणार नाहीत, पण कुठला व्हॉल्व्ह कधी बदलला हे त्यांच्याच डोक्यात आहे, आणि त्यांची पोरं आता बऱ्या नोकऱ्यांत आहेत.

टग ओहोटीला चिखलात बसते असं लिहिलंयस. मग येत्या अमावास्येला मी येतो. उधाणाला ओहोटीही खोल उतरते, पाणरेषेखालचा बराच पत्रा उघडा पडेल. तू गमबूट आणि टॉर्च आण, गंज झाडायचा चिपिंगचा हातोडा माझ्याकडे आहे. चांगला पत्रा टणकन बोलतो, खाल्लेला भद्द वाजतो. जिथे भद्द वाजेल तिथे खडूने फुली मारायची. फुल्या मोजल्या की किती मागायचं ते ठरवू.

तुझा,
काका