खानदेशात ग्रुप ट्रेकला जाण्याआधी तिथला इतिहास आणि संस्कृती कशी जाणून घ्यावी?

पाटणादेवीचं देऊळ, कण्हेरगड आणि पितळखोऱ्याची लेणी असा चाळीसगावकडचा बेत आहे, हे तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. नुसतं 'खानदेश' म्हटलं असतं तर थाळनेरच्या फारुकी सुलतानांपासून तोरणमाळच्या पावरा आदिवासींच्या वस्त्यांपर्यंत सगळंच सांगावं लागलं असतं. मी चाळीसगावचा, त्यामुळे या पट्ट्यापुरतं बोलतो.

आधी एक घोळ निस्तरू. शिवाजी महाराजांचे रामजी पांगेरा मुघल सरदार दिलेरखानाशी लढले तो कण्हेरगड नाशिक जिल्ह्यातला, आमचा चाळीसगावचा वेगळा. तरी पुण्या-मुंबईचे ग्रुप ती गोष्ट आमच्या गडावर उभं राहून रंगवून सांगतात. इथे येताना शिवकाळाच्या पुष्कळ मागे जायची तयारी ठेवा.

वाचायचंच असेल तर पाटणचा, म्हणजे देवीजवळच्या पाटणा गावचा शिलालेख वाचा, शके 1128 चा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेव राजाने त्याला दान दिलं. (भास्कराचार्य इथलेच, असं आम्ही छातीठोकपणे सांगतो, विद्वान अजून भांडताहेत.) लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण खरी मजा शेवटच्या जुन्या मराठी ओळींत आहे. पेठेतल्या मालावरचं राजाचं उत्पन्न मठाला, आणि जेवढे घाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल! आज जिथे साग आणि माकडं दिसतात तिथे घाणे फिरत होते, गिऱ्हाइकं येत होती. हे डोक्यात असलं की देवळाभोवतीचं जंगल वेगळंच दिसतं.

पितळखोऱ्याचंही तसंच. लेणी कन्नड तालुक्यात मोडतात, इसवी सनापूर्वीची आहेत. तिथल्या दानलेखात पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचं, म्हणजे अत्तरं-सुगंध विकणाऱ्याचं, नाव आहे. उत्खननात सापडलेल्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव कोरलंय. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. व्यापाराच्या वाटेवरच्या या घाटमाथ्यावर व्यापाऱ्यांनी पैसा का ओतला असेल, हे दरी उतरताना आपोआप कळतं.

माणसांबद्दल पुस्तकात फारसं मिळणार नाही. पाटणा गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला अहिराणीतच, म्हणजे इथल्या बोलीतच, बोलू द्या, निम्मं तरी समजतंच. श्रावणात येणार असाल तर नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते. तेव्हा जेवायचा आग्रह होईल, पण तिच्या प्रसादाचे रोट मागू नका. ते भाऊबंदांतच संपवायचे असतात. मनाला लावून घेऊ नका. नवरात्रात देवीची यात्रा असते, त्या गर्दीत वीस जणांचा ट्रेक नकोच.

हे गौताळा अभयारण्य आहे, बिबट्याचं. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा, उजेड असेतो खाली या. आणि शेवभाजी चाळीसगावात खा, हायवेवरच्या ढाब्यावर नको.