परदेशातल्या पोस्टिंगवरून अमेरिकेत परतताना जुन्या घराच्या विक्रीचा खर्च सरकार देतं का?

तुम्ही अमेरिकेच्या फेडरल सरकारचे सिव्हिलियन कर्मचारी, सध्या जर्मनीत. जाण्याआधी ऑस्टिनच्या ऑफिसात होतात, तिथलं घर अजून तुमच्या नावावर आहे. आता साहेब म्हणतात, परतल्यावर डेन्व्हरला जावं लागेल. भाव बरा मिळतोय, तर आत्ताच विकून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

इतक्यात नको. आधी लेखी कळू द्या.

बदलीची व्हाउचर्स तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि परदेशातून परतणाऱ्यांचे क्लेम सगळ्यात जास्त इथेच अडकतात. नियम असा: ज्या ठिकाणाहून तुम्हाला परदेशी पाठवलं तिथेच परत आणलं, तर घरविक्रीचा खर्च मिळत नाही, कारण घर विकायची गरजच पडली नाही असं सरकार धरतं. दुसऱ्या ठिकाणी आणलं तर मिळतो. पण ‘दुसरीकडे जायचंय’ हे अधिकृतपणे कळवण्याआधी झालेली विक्री चालत नाही. एका फाइलमध्ये एजंटचं कमिशन, टायटल (मालकीहक्काची तपासणी), सगळी बिलं चोख लावलेली होती. फक्त क्लोजिंगची, म्हणजे विक्री पुरी झाल्याची, तारीख नोटिशीच्या आधीची. साहेबांनी फोनवर आधीच सांगितलं होतं म्हणे. फोनची नोंद फाइलला कशी लावणार? क्लेम नामंजूर झाला.

नोटीस हातात आली की विक्रीचा मान्य खर्च विक्रीच्या किमतीच्या १० टक्क्यांपर्यंत आणि नव्या घराच्या खरेदीचा खर्च खरेदीच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत मिळू शकतो. दोन्ही व्यवहार नव्या जागी रुजू झाल्यापासून एका वर्षात उरकायचे. मुदतवाढ मिळते, पण आपोआप नाही, मागावी लागते. जर्मनीत घर घेतलं असेल तर ते यात बसत नाही. डेन्व्हरला घर बघायला जाण्याचा सरकारी दौराही तुम्हाला नाही, तो अमेरिकेतल्या अमेरिकेत बदली झालेल्यांसाठी.

सामानाचं सोपं आहे. निव्वळ १८,००० पौंडांपर्यंत सरकार नेतं, वरचं तुमच्या खिशातून. पुस्तकांचे खोके फार फसवतात.

आता टॅक्स, ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाहीत. २०१८ पासून सिव्हिलियन कर्मचाऱ्याला मिळणारा सामानाचा खर्चही करपात्र उत्पन्न धरला जातो, मूव्हरला सरकारनं परस्पर दिलेले पैसेसुद्धा. त्यामुळे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म) वरचा आकडा बघून दचकू नका. त्या कराची बरीचशी भरपाई ‘रिटा’ (बदलीमुळे पडणाऱ्या आयकराचा भत्ता) म्हणून मिळते, पण त्यासाठी पुढच्या वर्षी वेगळा क्लेम भरावा लागतो. तोपर्यंत लोक नव्या घरात रुळलेले असतात आणि तो भरायचाच राहतो. खात्याकडून शेवटची तारीख आत्ताच विचारून ठेवा.