कायमचं वर्क फ्रॉम होम आहे, पुण्याचं भाडं परवडत नाही. सोलापूरला राहायला जावं का?

जा, पण आधी कंपनीकडून दोन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या: बेस लोकेशन (कंपनीच्या नोंदीतलं कामाचं शहर) बदललं तर पगार कमी होणार का, आणि महिन्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल. तोंडी 'चालेल' मॅनेजर बदलला की संपतं. दोन-तीन दिवस असतील तर रेल्वेने साधारण चार तासांत पुणं गाठता येतं. दर आठवड्याला असेल तर बेत सोडा.

घर बघताना भाड्याआधी पाणी विचारा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये तीन-चार दिवस सहज जातात. माणशी रोज 135 लिटर धरा. दोघांना चार दिवसांचे 1080 लिटर झाले, म्हणजे हजाराची टाकी अपुरीच. हौद आणि बोअर असलेलं घर घ्या. त्यात उन्हाळ्यात कूलर वेगळं पाणी पितो! हवा कोरडी म्हणून कूलर इथे छान चालतो, पाऊस सुरू झाला की मात्र नुसता दमटपणा. गच्चीखालची खोली कामाला घेऊ नका, पारा 42-43 ला जातो.

फायबर इंटरनेट घ्याच. वीज गेली की लॅपटॉप चालतो, राउटर बंद पडतो, त्यामुळे 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. अॅम्पिअर अॅडॉप्टरवर वाचून घ्या. जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम.



पुण्याचं घर लगेच सोडू नका. एप्रिल-मे इथे काढून बघा.